हिरव्या रंगावर विसंबू नका
आजारी जुनिपर बोन्साय ओळखावा कसा, वाचवावा कसा

जानेवारी २०१९ मध्ये जपानच्या सैतामा प्रांतातल्या एका बागेतून सात बोन्साय झाडे चोरीला गेली. त्यांतला एक शिंपाकू जुनिपर सुमारे ४०० वर्षांचा होता आणि त्या एकट्याचीच किंमत एक कोटी येनच्या घरात होती. बागेच्या मालकीणबाईंनी चोरांना जाहीर विनंती केली, की झाडे जिथे कुठे असतील तिथे त्यांना पाणी तरी घाला. चार शतके तगलेले झाड कुंडीत मात्र थोड्या दिवसांच्या हेळसांडीनेही जाऊ शकते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

जुनिपरबद्दल आणखी एक गोष्ट जाणकारांना ठाऊक असते. हे झाड मेले तरी कित्येक आठवडे हिरवेच दिसते. तुळशीला पाणी कमी पडले तर ती दुपारीच मान टाकते आणि वेळेत पाणी मिळाले की संध्याकाळपर्यंत सावरते. जुनिपर अशी मान टाकत नाही. मुळे कुजून गेलेली असतात, खोडातून पाणी वर चढणे थांबलेले असते, तरी पालवी तशीच तजेलदार भासते. मग एके दिवशी ती तपकिरी पडू लागते, घरात धावपळ सुरू होते, कुणी पाणी वाढवतो, कुणी खत घालतो. प्रत्यक्षात दुखणे महिना-दोन महिने जुने असते.

मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांत आणि भेटवस्तूंच्या दुकानांत हल्ली जुनिपर सहज मिळतो. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत तर भेट म्हणून आलेला पहिला बोन्साय बहुधा हाच असतो. त्यामुळे हे झाड आजारी पडले तर काय पाहायचे आणि काय करायचे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. सगळ्याच्या मुळाशी एक सूत्र आहे : जुनिपरचे निदान पानांच्या रंगावरून करू नये, मुळांपासून वर वर करत यावे.

हे झाड मूळचे कुठले?

जुनिपर हा सूचिपर्णी कुळातला, सरूचा (सायप्रसचा) नातेवाईक. जगभर त्याच्या साठाहून अधिक जाती आहेत. आपल्या हिमालयातही तो आहे. लाहौलच्या कोरड्या, थंड उतारांवरचा जुनिपर तिथे शुक्पा म्हणून ओळखला जातो आणि धूपासाठी जाळला जातो. बोन्सायमध्ये प्रामुख्याने दोन जुनिपर दिसतात. एक प्रोकंबेन्स, म्हणजे जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर जमिनीलगत पसरणारा, टोचऱ्या सुयांसारख्या पानांचा. दुसरा शिंपाकू, चिनी जुनिपरचा डोंगरी प्रकार, मऊ खवल्यांसारख्या पानांचा. शिंपाकूतला नावाजलेला वाण इतोईगावा. नीगाता प्रांतातल्या त्याच नावाच्या परिसरात चुनखडीचे उभे कडे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाडे गोळा करणारे लोक दोरांना लटकून त्या कड्यांवरून हे जुनिपर काढत.

कड्याच्या फटीत माती मूठभर, पाणी पडले की वाहून जाणार, ऊन भरपूर आणि वारा सतत. जुनिपरची घडण याच परिस्थितीतून झाली आहे. त्याला तहान सोसते. मुळांभोवती हवा नसणे आणि अंधार मात्र सोसत नाही. आपल्याकडे आजारी पडणाऱ्या बहुतेक जुनिपरांचे दुखणे या दोहोंपैकी एकात, किंवा दोन्हींत असते.

मेल्यावरही हिरवेपण टिकते त्याचे कारणही याच घडणीत आहे. पानांवर मेणाचा जाड लेप, पाण्याची वाफ सोडणारी रंध्रे दबलेली, पान इवलेसे आणि फांदीला चिकटलेले. त्यामुळे पुरवठा तुटला तरी पानातले पाणी फार सावकाश उडते आणि हरितद्रव्यही लवकर विरत नाही. युरोप-अमेरिकेत नाताळासाठी बुंध्यापासून तोडून आणलेली सूचिपर्णी झाडे दिवाणखान्यात कित्येक आठवडे हिरवी राहतात, ती यामुळेच. मुळे तुटलेल्या जुनिपरची तीच गत असते, फक्त तो कुंडीत असल्याने आपल्या लक्षात येत नाही.

आधी झाडाचा इतिहास विचारा

झाडाला हात लावण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. झाड ठेवले कुठे होते? पाणी कोण आणि कशावरून ठरवून घालत होते? कुंडी शेवटची कधी बदलली? गेल्या तीन महिन्यांत खत, औषध, तार, छाटणी यांपैकी काय केले?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच पुष्कळदा सगळे सापडते. भर उन्हात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या आसपास असते. उजेडाच्या वाटणाऱ्या खोलीत खिडकीपासून थोडे आत गेले तर ती काही शे लक्सवर येते. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. झाडाला तसे जुळवता येत नाही. टीपॉयवर ठेवलेला जुनिपर साठवलेल्या अन्नावर काही महिने काढतो आणि मग खचतो. घरात ठेवायचे झाड म्हणून जुनिपर विकणे ही सरळ सरळ चुकीची माहिती आहे, आणि हजारो झाडे तिच्यापायी जातात.

परदेशातल्या वाचकांसाठी याची दुसरी बाजू. कॅनडात किंवा जर्मनीत बर्फ पडू लागला की मायेपोटी झाड घरात घेतले जाते. तिथली गरम, कोरडी हवा आणि अपुरा उजेड हिवाळ्याहून अधिक घातक ठरतात. जुनिपरला थंडीतली विश्रांती लागते. कुंडीतली मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा नाजूक असतात, एवढेच सांभाळायचे : कुंडी मातीत पुरून वर पालापाचोळा टाकावा किंवा झाड गरम न केलेल्या पडवीत ठेवावे.

डोळे, नख आणि बोट

आता झाड पाहू. जुनिपरच्या पानांवर दुखणे कुठे आणि कसे पसरले आहे, याला रंगापेक्षा जास्त अर्थ असतो.

फक्त आतली, खोडाजवळची जुनी पाने पिवळी-तपकिरी पडून गळत असतील आणि शेंडे ताजे असतील तर घाबरण्याचे कारण नाही. पाने जुनी झाली किंवा त्यांना उजेड मिळेना की झाड ती टाकून देते. वरचा दाट पाला थोडा विरळ केला की पुरते.

एकच फांदी किंवा एकच बाजू वाळत असेल तर त्या बाजूच्या मुळांकडे वळावे. जुनिपरच्या खोडात पाण्याचे मार्ग बऱ्याच अंशी वेगवेगळ्या उभ्या पट्ट्यांत असतात. अमुक मूळ तमुक फांदीला पोसते. मूळ मेले की त्याची पट्टी आणि फांदी जाते, बाकीचे झाड जगते. तार फार आवळल्याने किंवा फांदी वाकवताना आतून चिरल्यानेही असेच होते.

कोवळी टोकेच फिकट होऊन मग तपकिरी पडत असतील तर बुरशी. पाने धुरकट, मळकट, बारीक पिवळ्या ठिपक्यांनी भरलेली वाटत असतील तर कोळी कीड. आणि सबंध झाड एकसारखे निस्तेज, राखाडीकडे झुकणारे, पालवी चुरचुरीत झाली असेल तर मुळे गेली आहेत, असे समजून पुढची तपासणी करावी.

दुसरी परीक्षा नखाची. बारीक फांदीची साल नखाने अगदी हलकेच खरवडावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत. कोरडा तपकिरी दिसला तर मेलेली. टोकापासून सुरुवात करून खोडाकडे येत जावे, म्हणजे जिवंत भाग कुठे सुरू होतो ते कळते. खोडाच्या बुंध्याशीही एक-दोन ठिकाणी पाहावे, पण प्रत्येक खरवडणे ही जखम असते, म्हणून ती थोडक्यात आटपावी. बुंध्याशी सर्व बाजूंनी कोरडे तपकिरीच लागले तर वर कितीही हिरवे दिसो, झाड गेलेले आहे.

तिसरी परीक्षा मातीची. बोट पेराभर आत घालावे किंवा लाकडाची काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी. वर कोरडे आणि खाली चिखल, हे चित्र फार वेळा दिसते. काडीला कुबट, आंबूस वास आला तर मुळे कुजत आहेत. शंका दाट असेल तर झाड कुंडीतून अलगद उचलून पाहावे. जिवंत मुळे घट्ट असतात आणि त्यांची टोके पांढरी किंवा फिकट पिवळसर दिसतात. शेतकरी जिला पांढरी मुळी म्हणतात, ती हीच. कुजलेले मूळ काळपट आणि लिबलिबीत असते. ओढले की त्याची साल हातात येते आणि आतली दोरी मागे राहते.

उथळ कुंडीतले पाणी

मुळे कुजण्यामागचे भौतिकशास्त्र एकदा समजले की बोन्सायची निम्मी काळजी समजते. मातीचे कण बारीक असले की त्यांच्यामधल्या अरुंद जागा पाणी धरून ठेवतात. कुंडीला भोक असले तरी तळाशी ठरावीक उंचीचा एक थर पाण्याने भरलेलाच राहतो. ही उंची कणांच्या आकारावर ठरते, कुंडी किती खोल आहे यावर ठरत नाही. म्हणजे एखाद्या मातीत हा थर तीन सेंटिमीटरचा असेल तर वीस सेंटिमीटर खोल कुंडीत तो किरकोळ ठरतो, पण पाच सेंटिमीटरच्या बोन्सायच्या तबकडीत अर्ध्याहून अधिक मुळे पाण्यात बुडतात. ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून जवळजवळ दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. मुळे गुदमरतात, मरू लागतात, आणि मग पिथियम किंवा फायटोप्थोरा यांसारखे ओल्या मातीतले रोगकारक जीव त्यांचा ताबा घेतात.

भिजलेला स्पंज आडवा धरला की काही वेळाने त्यातून थेंब पडायचे थांबतात. तोच उभा केला की पुन्हा पाणी गळू लागते, कारण पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते. आजारी जुनिपरवरचा पहिला आणि सर्वांत सोपा उपाय यातूनच निघतो. पाणी घातल्यावर कुंडीच्या एका टोकाखाली लाकडाचा तुकडा सरकवून ती तिरकी करावी. साचलेले बरेच पाणी निघून जाते, आणि मुळांना हातही लावावा लागत नाही.

याच कारणाने कुंडीच्या तळाशी खडे किंवा खापऱ्या घालण्याची पद्धत उपयोगाची नाही. बारीक मातीतून जाड खड्यांच्या थरात पाणी सहज उतरत नाही. ओला थर तसाच राहतो, फक्त वर सरकतो. भोकावर प्लास्टिकची जाळी पुरे. खरा उपाय मिश्रण भरड ठेवणे हा आहे. जपानमध्ये आकादामा नावाची दाणेदार माती, प्युमिस आणि लाव्हा दगड यांचे तीन ते सहा मिलिमीटरचे तुकडे वापरतात. आपल्याकडे त्याच आकाराचे विटांचे चाळलेले तुकडे, सिंडर किंवा जाड वाळू आणि त्यात थोडे चांगले कुजलेले खत घेता येते. चाळणीतून खाली पडलेली भुकटी निर्दयपणे फेकून द्यावी. शेतात जो वाफसा आपण जपतो, ओल आणि हवा यांचा तोच मेळ या मूठभर मातीत साधायचा असतो.

दुकानातून आणलेल्या झाडांत दोन दोष हटकून सापडतात : वरचे शोभेचे खडे गोंदाने चिकटवलेले आणि कुंडीखाली बशी. पाणी आत किती गेले ते कळत नाही, बाहेर पडायला वाट नाही. दोन्ही पहिल्याच दिवशी काढावेत.

उलट टोकही असते. कोकोपीट पूर्ण सुकले की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी फटीतून थेट खाली निघून जाते. आपण रोज पाणी घालतो आणि मुळे कोरडीच राहतात. अशा वेळी कुंडी काठापर्यंत पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बुडवावी, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी. हे एकदाच करायचे; नंतर पाणी वरूनच, आणि मातीचा वरचा थर सुकू लागल्यावर.

कोळी आणि करपलेले शेंडे

कोळी कीड शोधण्यासाठी फांदीखाली पांढरा कागद धरून ती दोन-तीनदा झटकावी. मिरपुडीसारखे ठिपके पडले आणि चालू लागले तर निदान झाले. डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे जीव पानांतला रस शोषतात. आपल्याकडे ऑक्टोबरचा उष्मा आणि नंतर फेब्रुवारी ते मे हा त्यांचा काळ, कारण उष्ण, कोरड्या हवेत अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचा प्रवास आठवड्याभरात संपू शकतो. म्हणूनच एक फवारणी पुरत नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाने खालून-वरून धुवावीत, आणि पाच-सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा तरी धुवावीत, म्हणजे अंड्यांतून नंतर निघालेले कोळीही जातात. एवढ्याने भागले नाही तर निंबोळी तेल लेबलावरच्या प्रमाणात, ऊन उतरल्यावर. तीव्र कीटकनाशकांनी कोळ्यांना खाणारे परभक्षी जीव आधी मरतात आणि कीड दुपटीने उसळते.

पावसाळ्यात भीती असते ती शेंडे करपवणाऱ्या बुरशीची. तिचे एक नाव फोमॉप्सिस. पाने दीर्घकाळ ओली राहिली की ती कोवळी टोके पकडते. जुनी, पक्की पाने सहसा सोडते. मेलेल्या आणि जिवंत भागाच्या सीमेवर भिंगातून बारीक काळे-करडे ठिपके दिसतात. अशी टोके निरोगी भागापर्यंत कापून जाळावीत किंवा कचऱ्यात टाकावीत, कुंडीत पडू देऊ नयेत. प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसावी. गरज पडल्यास ताम्रयुक्त बुरशीनाशक, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे झाड वळचणीखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवणे आणि संध्याकाळी पानांवर पाणी न मारणे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या सलग पावसात जुनिपर उघड्यावर ठेवू नये.

उपचार म्हणजे बहुतांशी संयम

कारण सापडले की ते दूर करायचे. त्यानंतर आपल्या हाताला आवर घालणे ही उपचारातली सर्वांत अवघड गोष्ट. आजारी झाडाला खत देऊ नये. खतातल्या क्षारांनी मातीतले पाणी घट्ट होते आणि दुबळ्या मुळांना ते ओढून घेणे आणखी जड जाते. हिरवी पालवी छाटू नये. आपल्याला वाटते की भार हलका केला, पण नवी मुळे फुटायला लागणारे अन्न आणि संप्रेरके त्या पालवीतूनच, विशेषतः वाढत्या टोकांतून खाली येतात. जुनिपरची ताकद त्याच्या पाल्यात असते. वळण देणे, तारा बांधणे, सगळे थांबवावे.

कुंडी बदलावी का? माती जरा ओलसर आहे एवढ्यावरून बदलू नये. तिरकी कुंडी आणि बेताचे पाणी यांनी बरीच झाडे सावरतात. मुळे खरोखर कुजली असतील तर मात्र ऋतूची वाट पाहत बसता येत नाही. कुजलेली मुळे कापावीत, पांढरी मुळी असलेला गोळा शक्य तितका राखावा, सगळी माती पाण्याने धुऊन काढू नये. जुनिपरच्या मुळांत राहणारी सहजीवी बुरशी पाइनसारखी पांढऱ्या जाळ्यात दिसत नाही, पण ती असते आणि तिचाही उपयोग होतो. शोभेच्या तबकडीऐवजी जाळीदार टोपली घ्यावी. चारी बाजूंनी हवा मिळते. झाड तारेने टोपलीला पक्के बांधावे, कारण वाऱ्याने हलणाऱ्या झाडाची नवी कोवळी मुळे फुटतात तशी तुटत राहतात. निरोगी झाडाची कुंडी बदलायची असेल तर दख्खनच्या पठारावर थंडी ओसरताना, उन्हाळा तापण्यापूर्वीचे दिवस बरे.

नंतर जागा. सकाळचे कोवळे ऊन तीन-चार तास, दुपारी सावली, वाऱ्याच्या झोतापासून आडोसा. दिवसा पानांवर अधूनमधून पाण्याचे तुषार, म्हणजे मुळांवरचा ताण कमी होतो. एप्रिल-मेमध्ये कुंडी तापलेल्या फरशीवर ठेवू नये.

आणि मग वाट पाहायची. जसा आजार महिन्यांनी दिसतो, तशी सुधारणाही महिन्यांनीच दिसते. टोकांना फिकट, ताज्या हिरव्या रंगाचे कोंब आले तर मुळे चालू झाली. शिंपाकूवर मऊ खवल्यांऐवजी टोचऱ्या सुया येऊ लागल्या तरी भिऊ नये. झाडावर ताण येऊन गेल्याची ती खूण आहे आणि शक्ती आली की पुन्हा खवले येतात. वाढ एक पूर्ण हंगाम टिकली की मगच हलके खत, आणि त्यानंतर कात्री.

गेलेली फांदी

एखादी फांदी परत येत नाही. जुनिपरच्या तपकिरी झालेल्या टोकाला पुन्हा पालवी फुटत नाही, हे स्वीकारावे लागते. पण या झाडाच्या बाबतीत तो शेवट ठरत नाही. कड्यावरच्या जुनिपरांवर वीज पडते, बर्फाने फांद्या मोडतात, ऊन-वाऱ्याने साल सोलून लाकूड पांढरे पडते, आणि शेजारच्या अरुंद जिवंत शिरेवर झाड शतके काढते. जपानी बोन्सायकारांनी हेच रूप कलेत आणले. सोललेल्या मृत फांदीला ते जिन म्हणतात, खोडावरच्या मृत पट्ट्याला शारी. झाड पूर्ण सावरल्यावर मेलेल्या फांदीची साल काढून तिला चुना-गंधकाचे द्रावण लावले की लाकूड टिकते आणि शुभ्र होते. ज्या झाडाने आजार सोसला, त्याच्या अंगावर त्याचा इतिहास असा मानाने राहतो.

ज्यांच्याकडे ऊन येणारी गच्ची, गॅलरी किंवा अंगण नाही, त्यांनी जुनिपर घेऊ नये, असे मी आवर्जून सांगेन. वड, उंबर, पिंपळ ही आपल्या हवेतली झाडे उत्तम बोन्साय होतात आणि चुका पुष्कळ माफ करतात. अर्थात ऊन त्यांनाही हवेच. ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांनी जुनिपर जरूर पाळावा, पण आजार होण्याची वाट न पाहता. आठवड्यातून एकदा कुंडी उचलून तिचे वजन हाताला पाहू द्यावे, पालवी बोटांमध्ये धरून तिची लवचीकता जाणवून घ्यावी, कागदावर एक फांदी झटकावी. निरोगी झाड हाताला कसे लागते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच आजारी झाड रंग बदलण्याच्या आधी ओळखता येते, आणि जुनिपरच्या बाबतीत वाचवण्याची वेळ तेव्हाचीच असते.